रासेयो, नाटक, बाहा, मंडळं: विद्यार्थ्यांच्या कामात प्राध्यापकानं किती शिरावं?

गोदाकाठ

जून-जुलैत प्रत्येक महाविद्यालयात एक यादी निघते. वाङ्मय मंडळ, सांस्कृतिक विभाग, विद्यार्थी विकास, राष्ट्रीय सेवा योजना, निसर्ग मंडळ, आणि प्रत्येकासमोर एका प्राध्यापकाचं नाव. प्राचार्यांच्या केबिनमध्ये ही यादी बहुधा घाईघाईत होते. जो नवीन लागलाय किंवा ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या वाट्याला जास्त येतं. मुलांचं पुढचं अख्खं वर्ष या यादीवर अवलंबून असतं, तरी तिच्याकडे कुणी गांभीर्यानं बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

मी ग्रामीण भागातल्या महाविद्यालयात रासेयोचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) कार्यक्रम अधिकारी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ४०,००० स्वयंसेवकांनिशी सुरू झाली. साधारण १०० स्वयंसेवकांचं एक युनिट आणि त्यामागे एक कार्यक्रम अधिकारी. स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं. अधिकाऱ्यानं संघटक व्हावं, शिक्षक व्हावं, समन्वय करावा, देखरेख ठेवावी, हिशेब ठेवावा, लोकांशी संपर्क ठेवावा, असं सगळं पुस्तिकेत लिहिलेलं आहे. पण यातलं किती आपण करायचं आणि किती मुलांच्या हाती द्यायचं, ते कुठल्याही पुस्तिकेत सापडत नाही.

मी आसपासची शिबिरं बघतो. एका प्रकारात सगळं सर करतात. गाव सरांनी ठरवलं, सरपंचांशी सर बोलले, बौद्धिकाचे वक्ते सरांचे मित्र, जेवणाचा आचारी सरांच्या ओळखीचा. मुलं सकाळी श्रमदानाला फावडी घेऊन उभी राहतात, फोटो निघतो, समारोपाला संस्थेचे पदाधिकारी येतात. शिबिर नीट पार पडतं, पण मुलांना त्यातून काही ठरवता येत नाही. दुसऱ्या प्रकारात सर पहिल्या दिवशी उद्घाटनाला आणि सातव्या दिवशी समारोपाला. मधले पाच दिवस मुलं आणि एक शिपाई. हे तर मला गुन्ह्यासारखंच वाटतं.

मला वाटतं, मुलांचा जीव, पैशाचा हिशेब आणि गावाला दिलेला शब्द, एवढ्या गोष्टी अधिकाऱ्यानं स्वतःच्या हातातून कधीही सोडू नयेत. बाकी सगळं, म्हणजे गाव कोणतं, काम कोणतं, दिवस कसा आखायचा, भांडण झालं तर कसं मिटवायचं, हे मुलांचं. त्यात चुका होतील, होऊ द्याव्यात. वनराई बंधाऱ्याची जागा मुलांनी चुकीची निवडली, तर गावातल्या जाणत्या माणसाकडून त्यांना ते ऐकू द्यावं. सरांनी आधीच हटकू नये.

बाकीच्यांचा अनुभव वाचायला आवडेल, रासेयोच्या बाहेरचाही.

तिसरी घंटा

चांगला विषय. मी नाटकवाली, त्यामुळे माझं उदाहरण वेगळं.

पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. पावसाळा सुरू झाला की महाविद्यालयांत एकांकिकांच्या तालमी लागतात. आमच्या संघात लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना सगळं मुलांचं. कला मंडळाच्या मॅडमनी एकदाही तालमीत येऊन 'हे वाक्य असं म्हण' असं सांगितलं नाही. पण तालमीसाठी हॉल रात्री उशिरापर्यंत उघडा राहायचा, वॉचमनकाकांकडे मॅडमचं सहीचं पत्र असायचं, आणि हॉस्टेलवरच्या मुलींना परत सोडायला रोज कोण जाणार याची वही त्या स्वतः तपासायच्या. रेक्टरबाईंशी भांडायचं ते आम्ही नाही, त्या भांडायच्या.

एका वर्षी आमच्या संहितेवर कुणीतरी वरपर्यंत तक्रार केली. मॅडमनी संहिता घरी नेऊन पूर्ण वाचली, आम्हाला बसवून प्रत्येक आक्षेपावर आमचं म्हणणं विचारलं, आणि मग प्राचार्यांकडे आमच्याऐवजी त्या एकट्या गेल्या. प्रयोग झाला. आम्हाला बक्षीस मिळालं नाही, पण आपल्या कामामागे कुणीतरी मोठं माणूस न डगमगता उभं राहतं, हे मी तिथे शिकले.

म्हणून तुमच्या यादीत एक गोष्ट घाला. वरून दबाव आला की तो मुलांपर्यंत पोचू न देणं, हे त्या प्राध्यापकाचं काम आहे. जो सल्लागार प्राचार्यांचा निरोप्या होतो, त्याच्याकडे मुलं पुढच्या वेळी काही सांगायला जातच नाहीत.

वेल्डिंगवाला

अभियांत्रिकीत शिकवतो. आमच्याकडे बाहा आणि फॉर्म्युला कारच्या टीम असतात, म्हणजे मुलं स्वतः गाडी बांधून स्पर्धेत उतरवतात; बाहाची गाडी खडबडीत रस्त्यावर पळणारी. बाहा एसएई इंडिया २००७ पासून होते, इंदूरजवळ पिथमपूरला गाड्या पळवल्या जातात, हे बहुतेकांना माहीत असेलच. टीमसोबत फॅकल्टी ॲडव्हायझर असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस डिझाइन सांगत असणार. मी सांगत नाही. सस्पेन्शनची भूमिती मुलांनी काढली, त्यांनी सिम्युलेशन केलं, पंचांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांनाच द्यायची आहेत. मी सांगितलेल्या डिझाइनचं समर्थन मुलाला करता येत नाही, आणि पंच दोन प्रश्नांत ते ओळखतात.

माझा वेळ जातो तो कागदांत आणि वर्कशॉपमध्ये. प्रायोजकाचा चेक कुणाच्या नावानं येणार? टीमच्या कॅप्टनच्या खात्यात पैसे घेणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती सर्रास होते. पैसे महाविद्यालयाच्या खात्यात आले पाहिजेत. मग खरेदीला तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, जीएसटीचं बिल. मुलांना याचा कंटाळा येतो. त्यांना भाग उद्या हवा असतो आणि मंजुरीला पंधरा दिवस लागतात. मी त्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच खरेदीची तारीखवार यादी करायला लावतो. ज्या टीमनं जुलैत यादी केली, तिची गाडी वेळेवर उभी राहते.

आणि वर्कशॉपची किल्ली. रात्री ग्राइंडर, वेल्डिंग चालू असताना वर्कशॉपमध्ये एक तरी जबाबदार माणूस हवा, मी किंवा इन्स्ट्रक्टर. गॉगल नसेल तर काम बंद. इथे मी कुणाचंही ऐकत नाही. गोदाकाठ म्हणतात तसं, जीव आणि पैसा यांत तडजोड नाही.

कारकून

लेखा विभागातून बोलतो. शिबिराचा हिशेब दरवर्षी माझ्या टेबलावर येतो, म्हणून लिहितोय.

रासेयोच्या विशेष शिबिराला कित्येक वर्षं स्वयंसेवकामागे ४५० रुपये मिळायचे, सात दिवसांसाठी. भागाकार केला तर दिवसाला साधारण ६४ रुपये. त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा, प्रवास, श्रमदानाचं साहित्य. हे कसं बसतं? गाव धान्य देतं, कुणीतरी दाता भाजी देतो, आणि बरंचसं कार्यक्रम अधिकारी खिशातून घालतो. बाहेरच्या लोकांना हे दिसत नाही, पण मला व्हाउचरांवरून दिसतं.

आगाऊ रक्कम अधिकाऱ्याच्या नावावर निघते. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो आणि ती रक्कम त्याच्या नावावर थकीत दिसत राहते. गावातल्या दुकानदाराकडे छापील बिल नसतं. म्हणून नव्या अधिकाऱ्यांना माझं सांगणं: रोज रात्री बसून हिशेब लिहा, आणि त्या वहीवर भोजन समितीच्या मुलांच्याही सह्या घ्या. मुलांना हिशेब दिसला की संशयाला जागा राहत नाही, आणि मुलं काटकसरही आपणहून करतात.

उत्तरायण

अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात शिकवते. इथल्या भारतीय विद्यार्थी संघटनेची मी सल्लागार आहे. गणपती, दिवाळी, होळी, नव्या मुलांना विमानतळावरून आणणं, हे त्यांचं मुख्य काम.

एक मूलभूत फरक लक्षात येतो. इथे मला कुणी नेमलेलं नाही. मुलांनी संघटना स्थापन केली, घटना लिहिली आणि नोंदणीसाठी सल्लागार हवा म्हणून माझ्या दारावर आली. मी होकार दिला. आमचं पटलं नाही तर पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकतात. त्यामुळे अधिकार मुळात त्यांचा, मी पाहुणी. यादी प्राचार्य काढतात तिथे सुरुवातीपासूनच सर वर आणि मुलं खाली असं होत असणार.

मान्यतेचा प्रश्नही इथे कोर्टापर्यंत गेलेला आहे. १९७२ च्या हीली विरुद्ध जेम्स खटल्यात कनेटिकटमधल्या एका सरकारी महाविद्यालयानं एका विद्यार्थी संघटनेला मान्यता नाकारली होती. केवळ विचार पटत नाहीत म्हणून सरकारी महाविद्यालयाला असं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. त्यामुळे मुलांचे विचार मला पटोत न पटोत, त्यांची संघटना चालू राहते.

पण म्हणून सल्लागार म्हणजे फक्त सहीचा शिक्का नाही. क्लेरी कायद्याखाली (कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवायला लावणारा इथला कायदा) विद्यार्थी संघटनांचे सल्लागार कॅम्पसच्या सुरक्षेसंबंधीच्या जबाबदार व्यक्तींत मोडतात. कुणी मला येऊन हल्ल्याबद्दल, लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर ते माझ्यापाशी गुपित राहू शकत नाही. मला ते विद्यापीठाला कळवावं लागतं. हे मी मुलांना वर्षाच्या पहिल्याच भेटीत सांगते, कारण विश्वासानं सांगितलेली गोष्ट पुढे गेली असं त्यांना नंतर वाटणं फार वाईट. त्याच वेळी, पूर्ण गोपनीय बोलायचं असेल तर समुपदेशन केंद्रात कुणाकडे जायचं तेही सांगते. तिकडे याबद्दल काय पद्धत आहे?

गोदाकाठ

@उत्तरायण, तुमचा 'पाहुणी' शब्द मनाला भिडला. आमच्याकडे महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते, रॅगिंगविरोधी समिती असते (महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, यूजीसीचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ चे). पण मुलगी आधी समितीकडे जात नाही. शिबिरात जी मॅडम तिच्याशेजारी झोपली, तिच्याकडे जाते. त्या मॅडमना पुढे काय करायचं याचं प्रशिक्षण असायला हवं, आणि ते बहुतेक ठिकाणी नसतं. तुमची पहिल्या भेटीची पद्धत मी यंदापासून घेणार.

@तिसरी घंटा, दबावाचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

परसबाग

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, रासेयोत आहे. शिबिराला पाठवायचं की नाही यावर आमच्या घरी चार दिवस वाद झाला. शेवटी पाठवलं ते एका गोष्टीमुळे. कार्यक्रम अधिकारी मॅडमनी पालकांची बैठक घेतली. मुली कुठे झोपणार, शौचालयं किती आहेत, जवळचं आरोग्य केंद्र किती लांब, गाडी रात्री गावात थांबणार की नाही, हे सगळं आम्ही विचारायच्या आधी सांगितलं. हमीपत्रावर सही घेऊन मोकळ्या झाल्या नाहीत.

मला सगळ्या शिक्षकांना कळकळीनं सांगावंसं वाटतं की हमीपत्र म्हणजे तुमची सुटका नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेली मुलं बुडाली. त्याआधी जून २०१४ मध्ये हिमाचलात बियास नदीत धरणाचं पाणी सोडल्यावर हैदराबादच्या अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी वाहून गेले. त्या आईवडिलांपुढे कुठला कागद ठेवणार? भरती-ओहोटीची वेळ, धरणाचं पाणी कधी सुटतं, हे स्थानिक माणसाला विचारायला पाच मिनिटं लागतात.

अकरावी_ब

मी अजून विद्यार्थीच आहे (एम.ए.). सगळ्यांनी सल्लागारांच्या बाजूनं लिहिलंय म्हणून आमची बाजू.

आमच्याकडे वर्ग प्रतिनिधी शिक्षक ठरवतात. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्यापासून थेट निवडणुका गेल्या, त्याआधीच्या हिंसेमुळे गेल्या, हे मान्य. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आणायची तरतूद झाली, पण २०१९ मध्ये होणार होत्या त्या झाल्या नाहीत. मग विद्यार्थी परिषदेवर कोण बसतं? जो सरांना आवडतो तो. सरांनी निवडलेला प्रतिनिधी सरांना प्रश्न विचारणार नाही. तुम्ही म्हणता 'बाकी सगळं मुलांचं', पण ती 'मुलं' कोण, हेच आधी तुम्ही ठरवलेलं असतं.

आणि शिबिरातही तेच. गटप्रमुख कोण? बोलका, शहरातला, बहुधा मुलगा. भोजन समितीत मुली, श्रमदानात मुलं. वाड्यावस्त्यांवर सर्वेक्षणाला कोण जायला तयार होतं आणि कोण नाही, कुणाच्या घरी पाणी प्यायलं जातं आणि कुणाच्या नाही, हे बघणारा सल्लागार मला एकच भेटला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशीपासून गट चिठ्ठ्या टाकून पाडले, स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना लावली, आणि ते स्वतः पहिल्या पाळीला पोळ्या लाटायला बसले. त्या शिबिरातल्या मैत्र्या अजून टिकून आहेत.

मला वाटतं, सल्लागारानं सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते गप्प बसलेल्यांकडे. बोलक्यांना सल्लागार लागत नाही.

तिसरी घंटा

@अकरावी_ब, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. नाटकातही बॅकस्टेजला कायम तीच मुलं असतात, आणि 'त्यांना आवडतं' असं म्हणून आपण सोडून देतो.

वेल्डिंगवाला

+१. आमच्या टीममध्ये मुलींना आपोआप 'मार्केटिंग आणि कॉस्ट रिपोर्ट' दिला जायचा. मी एक नियम केला: पहिल्या महिन्यात प्रत्येकानं वेल्डिंग, लेथ आणि हिशेब तिन्ही करायचं, मग विभाग निवडायचा. त्यानंतर ट्रान्समिशनची प्रमुख मुलगी झाली आणि तिनंच गिअरबॉक्सचं वजन कमी करून दाखवलं. नियम मी केला, निवड तिची. सल्लागारानं शिरायचं असेल तर असं शिरावं.

सुपारीबाग

मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. सगळ्यांचे मुद्दे पटतात, पण एक वस्तुस्थिती मांडते. पूर्णवेळ पदं रिक्त आहेत. जे कायम प्राध्यापक उरलेत, त्यांच्याकडे परीक्षा विभाग, नॅक (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचं काम), प्रवेश समिती, असं सगळं आधीच आहे. मग मंडळाचं नाव कायम प्राध्यापकाचं आणि काम आमचं. मला तासाचे पैसे मिळतात. शिबिराच्या सात दिवसांत तास होत नाहीत, म्हणून ते सात दिवस माझे पगाराशिवायचे. तरी मी जाते, कारण मुलींसोबत बाई हवीच आणि दुसरी कुणी नसते.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आले आहेत. रासेयो, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक, काही ना काही घ्यावंच लागतं. म्हणजे पूर्वी आवडीनं येणारी शंभर मुलं होती, आता श्रेयांकासाठी येणारी कितीतरी आहेत. त्यांची हजेरी, कार्यदैनंदिनी, मूल्यमापन कोण करणार? मुलांना श्रेयांक मिळतात, चांगली गोष्ट आहे. मार्गदर्शकाच्या कार्यभारात हे तास धरले जावेत, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी. एनसीसीत निदान अधिकाऱ्याला कामठीला पाठवून रीतसर प्रशिक्षण देतात, हुद्दा देतात. वाङ्मय मंडळाच्या किंवा निसर्ग मंडळाच्या बाईंना काय मिळतं?

कारकून

@सुपारीबाग, तुमचा मुद्दा रास्त आहे. एक व्यवहाराचं सांगतो. शिबिराला जाण्यापूर्वी तुमच्या नावाचं लेखी आदेशपत्र घ्या, तारखांसह. नुसतं तोंडी 'मॅडम, तुम्ही जा' यावर जाऊ नका. काही झालं तर तुम्ही तिथे कोणत्या नात्यानं होता हा पहिला प्रश्न येतो. आणि आदेशपत्र असेल तर प्रवास-भोजनाचा खर्च तरी मला काढता येतो.

गोदाकाठ

@अकरावी_ब, तुझा प्रतिसाद मी आमच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. यंदा गटप्रमुख मी नेमणार नाही. पहिले तीन आठवडे गट चिठ्ठीनं, मग गुप्त मतदानानं गटप्रमुख, आणि शिबिराच्या मध्यावर बदल. सल्लागार समितीत दुसऱ्या वर्षाच्या स्वयंसेवकांपैकी दोघं असतील, त्यात एक मुलगी.

@सुपारीबाग, कार्यभाराच्या मागणीचा मसुदा मी लिहायला घेतो. तीन मुद्दे ठेवतोय: मंडळाच्या कामाचे तास कार्यभारात धरणं, तासिका तत्त्वावरील शिक्षकांना शिबिराच्या दिवसांचं मानधन, आणि मार्गदर्शक नेमताना मंडळातल्या मुलांचं मत विचारणं. तिसरा मुद्दा @उत्तरायण यांच्यामुळे सुचला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पदोन्नतीसाठी विद्यार्थ्यांशी संबंधित अशा कामांचा विचार होतो, त्याचा आधार घेता येईल. पण ते पदोन्नतीपुरतं, आणि तासिकावाल्यांना पदोन्नतीच नाही, म्हणून मानधनाचा मुद्दा वेगळा ठेवू.

परसबाग

पालकांच्या सह्या लागल्या तर सांगा. आमच्या मुलीच्या वर्गातल्या पालकांचा गट आहे, तिथून मी गोळा करते.

सुपारीबाग

मसुद्यात एक ओळ घालाल का: मुली असलेल्या प्रत्येक शिबिरासाठी महिला शिक्षिकेची नेमणूक निदान महिनाभर आधी व्हावी. आदल्या दिवशी फोन येतो आणि घरची सगळी व्यवस्था एका रात्रीत लावावी लागते.

गोदाकाठ

घातली. मसुदा रविवारी इथेच टाकतो, दुरुस्त्या सुचवा.